जुनी ऑटोमॅटिक गाडी आणि तिचं लाल तेल : एटीएफ कसं तपासायचं, केव्हा बदलायचं?



पास्कलचा नियम शिकवताना आपण सगळेच शिक्षक गॅरेजमधल्या हायड्रॉलिक जॅकचं उदाहरण देतो. मुलं वहीत उतरवून घेतात आणि विषय संपतो. मागच्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि त्याच नियमावरचा एक वेगळाच प्रश्न घेऊन आला.

त्याच्या वडिलांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून साठवलेल्या पैशांतून त्यांनी २०११ सालची एक ऑटोमॅटिक हॅचबॅक सेकंड हँड घेतली. चार गिअरची, ८६ हजार किलोमीटर चाललेली. गाडी चांगली, पण सकाळी थंड असताना रिव्हर्स टाकला की दोन-अडीच सेकंद काहीच होत नाही आणि मग ‘धप्प’ करून गिअर लागतो. विकणारा म्हणाला, “गिअरबॉक्स सील्ड आहे, त्याचं ऑइल आयुष्यभर चालतं.” एका गॅरेजवाल्याने सांगितलं, “मशीन लावून सगळं ऑइल फ्लश करू, एकदम नवी होईल.” शेजारचे काका म्हणाले, “चुकूनही हात लावू नका, जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो.”

“सर, तिघं तीन गोष्टी सांगतात. करायचं काय?”

प्रश्न साधा नाही, बरं का. ऑइलचा खर्च काही हजारांत असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायची वेळ आली तर जुन्या गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा त्यातच जातो. म्हणून आज आपण हा विषय मुळापासून समजून घेऊया.

हे तेल नक्की करतं काय?

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या तेलाला, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडला (गॅरेजमध्ये त्याला एटीएफ म्हणतात), एकाच वेळी चार नोकऱ्या असतात.

पहिली नोकरी शक्ती वाहून नेण्याची. साध्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. इथे तिच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन टेबल फॅन ठेवा. एक चालू करा, दुसरा बंद. चालू पंख्याच्या वाऱ्याने बंद पंख्याची पाती फिरू लागतात. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं, एवढाच फरक. इंजिनाकडचं चक्र तेल फेकतं, गिअरबॉक्सकडचं चक्र त्या माऱ्याने फिरतं. म्हणूनच ‘डी’मध्ये गाडी सिग्नलला उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही.

दुसरी नोकरी आपल्या पास्कल साहेबांची. ऑटोमॅटिकमध्ये गिअर बदलणं म्हणजे आतल्या क्लच प्लेट्सचे वेगवेगळे गठ्ठे आवळणं आणि सोडणं. ते आवळायचं काम तेलाचा दाब करतो. गणित करून बघा. समजा तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १० किलो आहे आणि पिस्टनचं क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर. मग प्लेट्सवर बल पडतं १००० किलो वजनाइतकं. आता तेल कमी झालं, त्यात हवा शिरली आणि दाब ६ वर आला, तर बल ६०० किलोवर येतं. प्लेट्स नीट आवळल्या जात नाहीत, एकमेकींवर घसरतात, आणि घसरल्या की जळतात. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीतली ती ‘दोन-अडीच सेकंदां’ची वाट म्हणजे दाब तयार व्हायला लागणारा वेळ होता.

तिसरी नोकरी थंड ठेवण्याची आणि चौथी वंगणाची. त्या आपल्याला ओळखीच्या आहेत.

पण खरी गोम पुढे आहे. वंगण म्हणजे घर्षण कमी करणारं. क्लच प्लेट्सना मात्र घर्षण हवं असतं, कारण त्यांनी एकमेकींना पकडायचं असतं. एकाच तेलाने बेअरिंग आणि गिअरचे दात निसरडे ठेवायचे आणि त्याच तेलात बुडालेल्या प्लेट्स नीट धरू द्यायच्या! हे जमतं ते तेलात मिसळलेल्या रसायनांमुळे. त्यांना फ्रिक्शन मॉडिफायर म्हणतात. या रसायनांचं प्रमाण प्रत्येक कंपनीच्या गिअरबॉक्सप्रमाणे वेगळं असतं, आणि ‘कुठलंही लाल ऑइल चालतं’ हे वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे.

थोडा इतिहास, कारण तो गमतीचा आहे. मोठ्या संख्येने बनलेला पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. तो १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. १९४९ मध्ये त्याच कंपनीने अशा तेलासाठी ‘टाइप ए’ नावाचं मानक ठरवलं. त्या काळातल्या तेलांत घर्षण नेमकं राखण्यासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. पुढे हा देवमासा संकटात आला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्याच्या तेलावर बंदी आली, आणि रसायनतज्ज्ञांना पर्यायी पदार्थ शोधावे लागले. गिअर बदलताना झटका बसू नये म्हणून समुद्रातला देवमासा मारला जात होता, हे आज वर्गात सांगितलं तर मुलांचा विश्वास बसत नाही.

आणि लाल रंगाचं काय? तो केवळ ओळखीसाठी घातलेला रंग आहे. गाडीखाली थेंब दिसला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे पटकन कळावं म्हणून. त्या रंगाचा तेलाच्या गुणाशी काही संबंध नाही.

आधी गाडी ओळखा

आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली चार वेगळ्या यंत्रणा विकल्या जातात, आणि तेलाच्या बाबतीत सगळा घोळ इथेच होतो.

२०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि एएमटी हा प्रकार घराघरांत पोचला. क्लच पेडल नसलं तरी आतून तो साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच आहे. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मोटर किंवा पिस्टन करतात. त्यात मॅन्युअलचं गिअर ऑइल लागतं, एटीएफ नव्हे. दुसरा प्रकार सीव्हीटी. त्यात दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि त्या पट्ट्याने पुलीवर घसरता कामा नये. त्यासाठी सीव्हीटीचं वेगळं तेल असतं. त्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरून पुलीवर ओरखडे पडतात, आणि ते नुकसान तेल बदलून भरून येत नाही. तिसरा प्रकार दोन क्लचचा, त्याचंही तेल वेगळं. चौथा म्हणजे आपला टॉर्क कन्व्हर्टरवाला पारंपरिक ऑटोमॅटिक. आजचा पाठ या चौथ्याचा आहे.

गाडीचं मॅन्युअल, म्हणजे मालकासाठीचं पुस्तक, सेकंड हँड गाडीत बहुधा नसतंच. कंपनीच्या संकेतस्थळावर बऱ्याच जुन्या मॉडेलची पुस्तकं मिळतात. त्यात तेलाचं नेमकं नाव लिहिलेलं असतं. ह्युंदाईच्या अनेक जुन्या चार गिअरच्या ऑटोमॅटिकना एसपी-थ्री, होंडाच्या जुन्या पाच गिअरच्या गाड्यांना आधी झेड-वन आणि नंतर त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-वन, टोयोटाला मॉडेलप्रमाणे टी-फोर किंवा डब्ल्यूएस. डब्यावर ‘सर्व गाड्यांना चालते’ असं छापलेलं तेल मी तरी घेणार नाही. स्वस्तात पडतं खरं, पण जुन्या गिअरबॉक्सवर प्रयोग करायची ती जागा नाही.

पातळी तपासणं

इंजिन ऑइल तपासणं सर्वांना येतं. इंजिन बंद करा, पाच मिनिटं थांबा, दांडी ओढा, पुसा, परत घालून बघा. एटीएफची पद्धत उलटी आहे. बहुतेक गाड्यांत ते इंजिन चालू ठेवून आणि तेल गरम असताना बघायचं असतं. कारण इंजिन बंद केलं की टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरच्या नळ्यांतलं काही तेल खाली चेंबरमध्ये उतरतं आणि पातळी खोटी जास्त दिसते.

कृती अशी. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा. सपाट जागेवर उभी करा, हँडब्रेक ओढा, ब्रेकवर पाय ठेवा. इंजिन चालू ठेवून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबवत फिरवा, म्हणजे सगळे मार्ग तेलाने भरतात. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये ठेवून दांडी ओढा. पुसायला धागे सुटणारी चिंधी किंवा कॉटन वेस्ट नको. एक बारीक धागासुद्धा आतल्या व्हॉल्व्हमध्ये अडकू शकतो. स्वच्छ, धागे न सुटणारं कापड घ्या.

होंडाच्या बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिकना हा नियम लागू नाही. तिथे गरम गाडी बंद करून मिनिट-दीड मिनिटाच्या आत दांडी बघायची असते. म्हणून म्हणतो, पुस्तक आधी.

दांडीवर ‘गरम’ आणि ‘थंड’ अशा दोन खुणा का असतात? वर्गातलं प्रसरण आठवा. असं तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. सकाळच्या २५ अंशांवरून ते ८५ अंशांवर गेलं तर ६० अंशांचा फरक, म्हणजे सुमारे ४.२ टक्के. गिअरबॉक्समध्ये एकूण ६.८ लिटर तेल असेल तर जवळपास २८५ मिलिलिटरची वाढ! थंड गाडीत ‘गरम’च्या खुणेपर्यंत तेल भरणाऱ्याने पाव लिटरपेक्षा जास्त तेल उगाच ओतलेलं असतं.

जास्त तेलही वाईटच. पातळी वर गेली की आतले फिरते भाग तेल घुसळतात. आपण ताक घुसळतो तसंच. फेस होतो. तेल दाबलं जात नाही म्हणून पास्कलचा नियम चालतो, पण फेसातली हवा दाबली जाते आणि दाब नाहीसा होतो. गंमत अशी की कमी तेलाची आणि जास्त तेलाची लक्षणं सारखीच असतात : गिअर उशिरा लागणं, घसरणं, झटका. आणि लोक लक्षण बघून आणखी तेल ओततात.

काही गाड्यांत दांडीच नसते. विकणारा ‘सील्ड’ म्हणाला ते बहुधा अशाच गाड्यांचं ऐकून. त्यांत खालच्या बाजूला पातळी दाखवणारा एक नट असतो. स्कॅनर लावून तेलाचं तापमान बघायचं, ते कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर (बऱ्याच गाड्यांत ४० अंशांच्या आसपास) असताना नट उघडायचा. तेल बारीक धारेने येऊन थेंब थेंब व्हायला लागलं की पातळी बरोबर. हे काम घरी करायचं नाही. गाडी लिफ्टवर आडवी, सपाट असावी लागते.

आणखी एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. इंजिन ऑइल थोडंफार जळतं, एटीएफ जळून कमी होत नाही. ते कमी झालं असेल तर गळती आहेच. नुसतं वरून भरून पुढे जाणं म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणं. चेंबरचं पॅकिंग, अॅक्सलचे सील, कूलरकडे जाणारे रबरी पाइप आणि त्यांच्या क्लिपा, आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडावरचा पुढचा सील, या जागा बघायच्या.

रंग, वास आणि पांढरा कागद

दांडीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टाका आणि दहा मिनिटं थांबा. नवं तेल स्वच्छ लाल पसरतं. वापरलेलं तपकिरी होतं आणि तरीही गोल पसरतं. ते म्हातारं झालं आहे, पण आजारी नाही. काळं तेल मध्येच डाग धरून बसतं, पसरत नाही, आणि त्याला करपलेल्या भाकरीसारखा वास येतो. हा क्लच प्लेट्स जळल्याचा वास आहे. तेल बदलून प्लेट्सवरचा थर परत येत नाही, हे अशा गाडीच्या मालकाला स्पष्ट सांगावं लागतं.

तेल गुलाबी, दुधट, मिल्कशेकसारखं दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. अनेक गाड्यांत एटीएफ थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. जुन्या रेडिएटरमध्ये ती आतून फुटली की कूलंट तेलात मिसळतं, आणि प्लेट्सवरचा घर्षणाचा थर चिकटवणारा गोंद सुटायला लागतो. दहा-बारा वर्षांच्या गाडीत रेडिएटरकडे लक्ष द्यायचं ते एवढ्यासाठी.

आपल्या विद्यार्थ्याच्या गाडीत काय निघालं? तेल गडद तपकिरी, करपल्याचा वास नाही, कागदावर पसरलं. पातळी मात्र खालच्या खुणेच्याही खाली. कूलरच्या पाइपाची क्लिप सैल झाली होती आणि पाइपाच्या खालच्या अंगाला धुळीचा ओला थर होता. म्हणजे रिव्हर्सच्या त्या धप्पमागे निदान एक कारण तरी साधं होतं.

‘आयुष्यभर चालतं’ म्हणजे कुणाचं आयुष्य?

तेल म्हातारं का होतं? उष्णतेने. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम तुम्हाला माहीत आहे : तापमान १० अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. ९० अंशांवर जे तेल अमुक वर्षं टिकेल, ते सतत ११० वर राहिलं तर त्याचं आयुष्य चौथाईवर येतं. आणि गर्दीत तेल तापतं. हायवेवर टॉर्क कन्व्हर्टरची दोन्ही चक्रं आतल्या लॉकने एकमेकांना जोडली जातात, घसरण थांबते, उष्णता कमी होते. पुण्याच्या विद्यापीठ चौकात किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर संध्याकाळी सात वाजता हे लॉक लागतच नाही. तेल नुसतं घुसळलं जातं.

म्हणूनच पुस्तकांत दोन तक्ते असतात. एक साध्या वापराचा, दुसरा कठीण वापराचा. ‘आयुष्यभर’, ‘बदलण्याची गरज नाही’ हे शब्द पहिल्या तक्त्यात असतात. दुसऱ्या तक्त्याच्या अटी वाचा : गर्दीतली थांबत-थांबत गाडी, कडक उन्हाळा, धूळ, घाट, छोट्या छोट्या फेऱ्या. महाराष्ट्रातली कुठली गाडी यातून सुटते? झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी. तिचे गिअरबॉक्स वापरणाऱ्या काही गाडी कंपन्या ‘तेल आयुष्यभराचं’ म्हणतात, आणि झेडएफ स्वतः मात्र वापर पाहून ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी तेल बदला, असं सांगते. बनवणाऱ्याचं ऐकायचं की विकणाऱ्याचं, हे तुम्ही ठरवा. माझं मत असं की आपल्या शहरांत टॉर्क कन्व्हर्टरच्या जुन्या गाडीला ५०-६० हजार किलोमीटरला तेल बदलावं, आणि सेकंड हँड गाडीची नोंदच नसेल तर ते कधीच बदललेलं नाही असं समजून चालावं.

शेजारच्या काकांचं काय?

काका अगदीच चुकीचं बोलत नव्हते. ‘ऑइल बदललं आणि महिन्यात गिअरबॉक्स गेला’ अशा गोष्टी खऱ्या घडतात. पण त्यातलं कारण आणि परिणाम तपासा. लोक ऑटोमॅटिकचं तेल बदलायला जातात केव्हा? गिअर घसरायला लागल्यावर. प्लेट्स तेव्हाच संपत आलेल्या असतात. शेवटच्या अवस्थेत दवाखान्यात नेलेला माणूस गेला की नातेवाईक म्हणतात, सलाईन लावलं म्हणून गेला. तसाच हा प्रकार.

दुसरा भाग थोडा खरा आहे. जुन्या तेलातून साचलेला चिकट थर आत बसलेला असतो. मशीन लावून जोराने सगळं तेल एकदम ढकललं, शिवाय सफाईचं रसायन घातलं, तर तो गाळ सुटून व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून इतिहास माहीत नसलेल्या जुन्या गाडीला मी फ्लश सुचवणार नाही. साधा उपाय चांगला : खालचा नट उघडून जेवढं आपोआप येईल तेवढं काढायचं आणि तेवढंच नवं भरायचं. पण यात सगळं तेल निघत नाही. टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधलं तेल आतच राहतं. मग पुन्हा काही दिवसांनी करायचं.

इथे तुमची भूमिती श्रेढी कामाला येते. या गाडीत एकूण तेल ६.८ लिटर, नट उघडल्यावर निघतं ३.२ लिटर. म्हणजे ३.६ लिटर जुनं उरतं, ५३ टक्के. दुसऱ्यांदा केलं की ०.५३ गुणिले ०.५३, जुनं उरतं २८ टक्के. तिसऱ्यांदा १५ टक्के. चौथ्यांदा ८ टक्के, म्हणजे पैसे वाया. तीन वेळा पुरे. खर्च ९.६ लिटर तेलाचा, पण गिअरबॉक्सला धक्का न देता.

प्रत्यक्ष बदलताना

क्लिप बदलून आम्ही आधी योग्य तेलाने पातळी खुणेपर्यंत आणली आणि आठवडाभर गाडी चालवू दिली. गळती थांबली याची खात्री झाली, आणि आता ‘जेवढं निघेल तेवढंच भरायचं’ हा हिशेब बरोबर लागणार होता. पातळी आधीच चुकीची असताना मोजून भरलं, तर चूक तशीच राहते.

मग माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये गाडी पिटवर घेतली. मुलाने पाना उचलून खालच्या नटाला लावला. मी म्हटलं, “थांब, आधी भरायची जागा उघडते का बघ.” दांडी असलेल्या गाडीत भरायचं ते दांडीच्याच नळीतून, तिथे अडचण नसते. पण ज्या गाडीत भरायचा वेगळा नट असतो, तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही तेल आधीच काढून बसलात, तर गाडी तिथून हलणार नाही. हा क्रम कधी विसरू नका.

दुसरी चूक याहून महाग. काही गाड्यांत इंजिन ऑइलचा नट आणि गिअरबॉक्सचा नट एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात. गाडीखाली झोपलेला नवखा मुलगा गिअरबॉक्सचं तेल काढतो आणि वरून इंजिनात आणखी चार लिटर ऑइल ओततो. इंजिनात दुप्पट, गिअरबॉक्स कोरडा. काढलेलं तेल लालसर असेल तर हात थांबवा, एवढं साधं निरीक्षण पुरतं.

तेल कोमट असताना काढावं. उकळतं नको, हात भाजतो. काढलेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा. नटाला किंवा चेंबरच्या तळाला लोहचुंबक असतो, तो बघा. त्यावर राखाडी, बोटाला लोण्यासारखा लागणारा बारीक लेप असेल तर ती नेहमीची झीज आहे, पुसून टाका. चमचमते कण, पापुद्रे, दाताचे तुकडे असतील तर काम थांबवून जाणकाराला दाखवा. आमच्याकडे लेपच होता. काही गाड्यांत चेंबर उतरवला की फिल्टर मिळतो, तो बदलावा. काहींत तो गिअरबॉक्स उघडल्याशिवाय निघतच नाही. तिथे हट्ट करू नये.

नटाचा वायसर नवा घाला. गिअरबॉक्सचं आवरण अॅल्युमिनियमचं असतं, लांब पाना घेऊन जोर लावला की आटे जातात. टॉर्क पान्याने पुस्तकातल्या आकड्याइतकंच आवळा. भरताना लांब नळीचं स्वच्छ नरसाळं वापरा. इंजिन ऑइलचं नरसाळं नको. मोजून काढलेल्यापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन चालू करून गिअर फिरवा, गरम करून पातळी बघा आणि मग उरलेलं थोडं थोडं घाला. घालणं सोपं, काढणं कटकटीचं.

जुनं तेल गटारात किंवा गॅरेजमागच्या मातीत ओतायचं नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. डब्यात भरून नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे देणाऱ्या गॅरेजकडेच द्या.

रोजच्या वापरातल्या दोन गोष्टी राहिल्या. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डीवरून आरवर जाऊ नका, पार्किंगमध्ये घाई करणारे नेमकं हेच करतात. आणि गाडी बंद पडली तर दोरी बांधून ओढत नेऊ नका. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाकं फिरली की आतले भाग फिरतात, पण त्यांना तेल मिळत नाही. इंजिनची शक्ती ज्या चाकांना जाते ती जमिनीपासून उचललेली असावीत, नाहीतर सरळ सपाट पाठीच्या टोइंग गाडीवर चढवा. विम्याच्या रोडसाइड सेवेला फोन करताना ‘गाडी ऑटोमॅटिक आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

आता त्या गाडीचं. दिवाळीनंतर पहिला बदल झाला, दोन हजार किलोमीटरनंतर दुसरा. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल तपकिरीऐवजी विटकरी लाल होतं. सकाळचा रिव्हर्स आता सेकंदभरात लागतो. हलकासा झटका अजून येतो आणि तो बहुधा राहील, कारण प्लेट्स ८६ हजार किलोमीटर चाललेल्या आहेत. वडिलांनी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक शंभर पानी वही ठेवली आहे. त्यात तारीख, किलोमीटर, किती तेल निघालं, किती घातलं, डब्यावरचं नाव, सगळं त्यांच्या हस्ताक्षरात लिहिलेलं आहे. तिसरा बदल पुढच्या महिन्यात.